मामाला हवा होता तिसरा हात: फोनच्या आर्मचं एक प्रकरण

माझा मामा पुस्तकबांधणी शिकवतो. वर्ग समोरासमोर असतो तेव्हा आठ-दहा जण त्याच्या टेबलाभोवती कोंडाळं करतात आणि वाकून बघतात. वर्ग ऑनलाइन घ्यायचं ठरलं तेव्हा त्याची मागणी साधी होती. वाकून बघणाऱ्याला जे दिसतं ते पडद्यावर दिसलं पाहिजे: फर्मे (शिवायच्या घडीच्या कागदांचे जुडगे), दाभण, दोरा आणि हात. चेहरा नाही दिसला तरी चालेल. "अगं, मला फक्त तिसरा हात दे. फोन धरायला."

तो तिसरा हात मिळायला चार महिने गेले. तीन वस्तू आणल्या, त्यांतल्या दोन आज माळ्यावर आहेत. फोन दोनदा पडला, त्यात एकदा थेट खळीच्या भांड्यात. सल्लागार मी होते, त्यामुळे बहुतेक चुकाही माझ्याच खात्यावर. आर्म घेताना जो तो एकच प्रश्न विचारतो, "किती किलो पेलतो?" मीही तोच विचारला होता. त्याचं उत्तर दर वेळी खरं मिळालं आणि दर वेळी निरुपयोगी ठरलं.

टेप आधी काढायला हवा होता

मामाचं टेबल १२० बाय ६० सेंटीमीटरचं. तो लांब बाजूला बसतो आणि त्याचं काम त्याच्याकडच्या कडेपासून साधारण २५ सेंटीमीटर आत चालतं. म्हणजे समोरच्या कडेपासून ३५. आडवा ठेवलेला ए-३ कागद ४२ सेंटीमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना मनगटं यायची, कात्री ठेवायची, म्हणजे चौकट साठेक सेंटीमीटर रुंद हवी.

आता फोन. त्याच्या मुख्य लेन्सचा कोन मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत २६ मिलिमीटरच्या लेन्सइतका. व्हिडिओत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करायची सोय, चालू असलं की फोन चौकटीच्या कडा कापतो. टेबलावर टेप पसरून बघितलं, तर ५० सेंटीमीटर उंचीवरून आम्हाला हवी तेवढी ६० सेंटीमीटरची रुंदी मिळत होती. म्हणजे फोन टेबलापासून ५० वर आणि मागच्या कडेपासून ३५ आत. क्लॅम्पपासून फोनपर्यंत तिरकी सरळ रेघ मारली तर ६१ सेंटीमीटर.

हा हिशोब दहा मिनिटांचा आहे. आम्ही तो तिसरी वस्तू घेताना केला.

गूजनेक

पहिली वस्तू अर्थातच गूजनेक. हवा तसा वळतो, हलका असतो, फोनचा चिमटा सोबतच येतो. आत जाड तार, वर प्लास्टिकचं आवरण, एका टोकाला टेबलाचा क्लॅम्प. लांबी ७० सेंटीमीटर, म्हणजे पोहोचत होता. मामाने दाभणाने फर्म्याला पहिलं भोक पाडलं आणि पडद्यावर भूकंप झाला.

नंतर मी टेबलावर एक पट्टी ठेवून रेकॉर्डिंग लावलं आणि बोटाने टेबलावर एकच टिचकी मारली. पट्टीची कड चौकटीत चार सेकंद झुलत राहिली. शिवणकामात मामा दर दोन-तीन सेकंदांनी टेबलाला धक्का देतो. म्हणजे चित्र स्थिर व्हायला वेळच नाही.

एका टोकाला पकडलेली दांडी दुसऱ्या टोकाच्या वजनाने किती वाकते हे लांबीच्या घनावर ठरतं. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली की त्याच वजनाला टोक दुप्पट नाही, आठपट वाकतं. वाकणं वाढलं की झुलणंही संथ आणि मोठं होतं. वीस-पंचवीस सेंटीमीटरचा गूजनेक बिछान्याशेजारी फोन धरायला ठीक. सत्तर सेंटीमीटरचा, आणि त्याच टेबलावर हातोडी चालणार, हे जमण्यातलं नाही. त्यात कितीही महागाचा घेतला तरी घनाचा नियम बदलत नाही.

स्प्रिंगचा आर्म, जो वरच जायचा

दुसरी चूक जरा सुशिक्षित होती. टेबललॅम्पला असतो तसा, दोन दांड्या आणि बाजूने स्प्रिंगा असलेला आर्म. ही रचना जुनी आणि हुशार आहे. जॉर्ज कार्वर्डीन या गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याने १९३२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि त्यातून ॲंगलपॉइज दिवा आला. दिव्याचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एकमेकांना तोलतात, म्हणून हात सोडला की दिवा जिथल्या तिथे राहतो. मायक्रोफोनचे बहुतेक आर्म याच वंशातले.

मात्र तोलायचं तर वजन ठरावीक लागतं. आमच्या आर्मच्या कागदावर कमाल दोन किलो लिहिलं होतं, ते वाचून मी खूश झाले. खाली बारीक अक्षरात किमान ७०० ग्रॅम लिहिलं होतं, ते वाचलं नाही. फोन २१० ग्रॅम, धरणारा चिमटा ९० ग्रॅम, मिळून ३००. फोन बसवून हात सोडला आणि तो लिफ्टसारखा वर गेला.

मामाने कागद दाबायचं ४०० ग्रॅमचं लोखंडी वजन दोऱ्याने टोकाला बांधलं. मेणलेल्या दोऱ्याची त्याची गाठ बघण्यासारखी असते. आर्म तोलला गेला. पण हातोडी पडली की स्प्रिंगा वरखाली डोलायच्या आणि बांधलेलं वजन त्यांच्या मागोमाग स्वतःचा झोका घ्यायचं. मामा म्हणाला, "हे बघताना मलाच गरगरतंय." स्प्रिंगचा आर्म वारंवार जागा बदलणाऱ्यासाठी आहे. आमचा फोन एकदा लावला की तासभर हलायला नको होता. गरज उलटी होती.

मधली एक मूठ

तिसऱ्या वेळी टेप काढला, हिशोब केला आणि मॅजिक आर्म आणला: ११ इंची, म्हणजे २८ सेंटीमीटर. दोन नळ्या, मधे कोपरासारखा सांधा, दोन्ही टोकांना बॉल, आणि मधे एक मूठ. मूठ पिळली की नळ्यांच्या आतल्या दांड्या दोन्ही बॉलवर दाबल्या जातात आणि तिन्ही सांधे एकदम जखडतात. याच जातीचे, नोगा या इस्रायली कंपनीचे आर्म मुळात यंत्रशाळेत लेथवर डायल इंडिकेटर धरायला वापरतात. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारी डबी जो हलू देत नाही, तो कॅमेराही धरेल असं चित्रीकरणवाल्यांच्या लक्षात आलं, त्यात नवल नाही.

२८ सेंटीमीटरने ६१ गाठता येत नाहीत हे एव्हाना माहीत होतं. म्हणून टेबलाच्या मागच्या कडेला क्लॅम्प, त्यावर ४० सेंटीमीटरची उभी दांडी आणि तिच्या टोकाला आर्म, थोडा वर तिरका. चिमट्यासकट फोनचा मध्य दांडीपासून ३४ सेंटीमीटरवर आला. जेमतेम पोहोचलो.

पहिला वर्ग बरा गेला. रेकॉर्डिंग बघताना मात्र लक्षात आलं की सुरुवातीला चौकटीच्या मधोमध असलेला फर्मा पंचेचाळीस मिनिटांनी वरच्या कडेला टेकला होता. आर्म हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, मान टाकत होता. कागदावर लिहिलेलं वजन होतं दीड किलो. आमचं होतं ३०० ग्रॅम.

इथे मला शाळेतली तरफ आठवली. सांध्याला वजन कळत नाही, वजन गुणिले आडवं अंतर कळतं. फोन आणि चिमटा ३०० ग्रॅम, अंतर ३४ सेंटीमीटर: १०.२ किलो-सेंटीमीटर. आर्मचं स्वतःचं वजन ४०० ग्रॅम, त्याचा मध्य १३ सेंटीमीटरवर: आणखी ५.२. म्हणजे बुडाच्या बॉलवर पंधरा किलो-सेंटीमीटरचा पीळ, आणि त्यातला तिसरा हिस्सा नुसत्या आर्मचाच. छापलेला दीड किलो किती अंतरावरचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आर्म उभा असताना टोकावर दीड किलो ठेवला तर बुडाच्या सांध्याला पीळ जवळजवळ नसतोच. तो आकडा खोटा नव्हता, फक्त आमच्या उपयोगाचा नव्हता.

बॉलचा सांधा निव्वळ घर्षणावर धरतो. बॉल जितका मोठा तितका तो जास्त पीळ सहन करतो, कारण घर्षण मध्यापासून लांब काम करतं. म्हणून दोन आर्म शेजारी ठेवले तर मी आता आधी बुडाचा बॉल बघते, रंग आणि छापील किलो नंतर. आणखी एक घरगुती चाचणी: आर्म आडवा करून टोकाला पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बांधायची, मागे भिंतीवर पेन्सिलने टोकाची खूण करायची आणि अर्ध्या तासाने बघायचं. जो आर्म अर्ध्या तासात खुणेखाली उतरतो तो तासाभराच्या वर्गात उतरणारच.

मामाने यात स्वतःची भर घातली. सांधा वळवताना कुरकुरतो म्हणून त्याने शिलाई मशीनचं तेल सोडलं. मला फोन आला, "अगं, आता छान वळतो, पण थांबत नाही." कुरकूर म्हणजेच घर्षण, आणि घर्षण म्हणजेच त्या सांध्याची नोकरी! आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने बॉल वेगवेगळ्या कोनांत फिरवून पुसला. पकड बरीचशी परत आली, पूर्ण नाही.

दोन पडझडी

पहिली पडझड मुठीची. मामाला फोन जरा उजवीकडे हवा होता. त्याने मूठ सैल केली. एकाच मुठीचा आर्म सैल झाला की तिन्ही सांधे एकदम सुटतात. फोन कमानीत खाली आला आणि खळीत गेला. गव्हाच्या पिठाची पातळ खळ होती, फोन वाचला. चार्जिंगच्या भोकातली वाळलेली खळ लाकडी टाचणीने उकरायला एक संध्याकाळ गेली. त्यानंतरची शिस्त अशी: आधी एक हात फोनखाली, मग मूठ पाऊण पीळ सैल, आर्म जड हाताने हलेल एवढीच, जागा साधायची, मूठ घट्ट, मग हात काढायचा. प्रत्येक सांध्याला वेगळी मूठ असलेले आर्मही मिळतात. ते लावायला वेळखाऊ, पण एका चुकीत सगळं कोसळत नाही. ज्याला रोज जागा बदलायची नाही त्याने तसा घ्यावा असं माझं मत झालंय.

दुसरी पडझड जास्त शिकवून गेली, कारण तिथे कुणीच काही सैल केलं नव्हतं. पुस्तकाच्या कण्याला गोलाई देताना मामा हातोडीने हलके पण भराभर ठोके देतो. चौथ्या पुस्तकाला चिमट्यासकट फोन सुटून टेबलावर आपटला. मूठ घट्ट, आर्म जागेवर, स्क्रू मात्र रिकामा.

कॅमेरे आणि चिमटे ज्या स्क्रूवर बसतात तो पाव इंची, इंचाला २० आटे. मोठा भाऊ तीन-अष्टमांश इंची, इंचाला १६ आटे. दोन्ही आयएसओ १२२२ या मानकात बसतात, म्हणून एका कंपनीचा चिमटा सहसा दुसऱ्या कंपनीच्या आर्मवर चढतो. पाव इंची स्क्रूच्या एका फेरीला तो १.२७ मिलिमीटर पुढे जातो. भोकात जेमतेम पाच मिलिमीटर जातो, म्हणजे चार फेऱ्या. फोन आणि जमीन यांच्यामध्ये एवढंच असतं.

तो उलगडला कशामुळे? दोष फोनच्या लेन्सच्या जागेचा, आणि त्यावरच्या माझ्या उपायाचा. लेन्स फोनच्या कोपऱ्यात असते. चौकट मधोमध यावी म्हणून मी फोन चिमट्यात चार सेंटीमीटर एका बाजूला सरकवला होता. त्यामुळे त्याचं वजन स्क्रूच्या रेषेत राहिलं नाही. जड बाजू खाली ओढत होती आणि ती दिशा नेमकी स्क्रू सुटायची होती. एरवी एवढा पीळ स्क्रूने सोसला असता. हातोडीच्या शेकडो बारीक धक्क्यांनी तो केसाकेसाने फिरत गेला.

उपाय सोपे निघाले. फोन चिमट्यात वजनाच्या मध्यावर धरायचा आणि चौकट जुळवायला सगळा आर्म सरकवायचा. जड बाजू ठेवावीच लागली तर स्क्रू आवळला जाईल अशा बाजूला. आणि स्क्रूवर एक चकतीसारखी नट असते ती. बहुतेक आर्मवर ती असते आणि बहुतेक लोक तिला शोभेची समजतात. चिमटा चढवून झाला की ती उलट पिळून चिमट्याच्या बुडाला घट्ट टेकवायची. मोठ्या कॅमेऱ्यांच्या सामानात स्क्रूशेजारी दोन छोट्या खुंट्या असतात त्या याच रोगावर.

चिमट्याबद्दल दोन गोष्टी. स्प्रिंगच्या जबड्यापेक्षा स्क्रूने आवळायचा जबडा बरा, आणि जबडा आवाजाच्या किंवा बंद करायच्या बटणावर येत नाही ना हे आधी बघावं. आमचा एक वर्ग मधेच बंद पडला तो यामुळे. चुंबकावर चिकटणारे धारक दिसायला सुटसुटीत असतात, पण वरून खाली बघायचं असेल तर फोनची पाठ टेबलाकडे असते आणि चुंबक पाठीलाच चिकटतं. म्हणजे आर्म लेन्सच्या बाजूने येणार आणि चौकटीत घुसणार. टॉप शॉटला कडा धरणारा, बाजूला भोक असलेला चिमटाच लागतो.

उलटं टांगलं

दुसऱ्या पडझडीनंतर मामाने जे विचारलं ते मी चार महिने आधीच विचारायला हवं होतं. "ज्या टेबलावर मी हातोडी मारतो, त्याच टेबलाला फोन का बांधायचा?"

तोवर मी आर्म बदलत होते. टेबल कधी संशयितांच्या यादीत आलंच नव्हतं. लाकडी भुशाच्या फळीचं टेबल, बारीक पाय. त्यातून क्लॅम्पची चकती नाण्याएवढी, तिने कडेला खळगा पाडला होता आणि त्या खळग्यात क्लॅम्प स्वतःच डुलत होता. वर आणि खाली प्लायचा तुकडा घातल्यावर थोडं सुधारलं. काचेच्या टेबलाला तर मी क्लॅम्प लावायला कुणालाच सांगणार नाही.

टेबलामागे दहा सेंटीमीटर सोडून कागदाच्या गठ्ठ्यांचा लोखंडी अँगलचा रॅक होता. टेबलाला न टेकणारा, जड, मुका. त्याच्या पुढच्या आणि मागच्या उभ्या अँगलला यू-बोल्टने एक लोखंडी पाइप आडवा बांधला, टेबलाच्या ८० सेंटीमीटर वर आणि रॅकच्या पुढे ४५ सेंटीमीटर काढून. दोन यू-बोल्टमध्ये ३० सेंटीमीटरचं अंतर असल्याने पाइपला मान टाकायला वाव नाही. पाइपच्या टोकाजवळ सुपर क्लॅम्प. इंग्रजी व्हीसारख्या खाचेच्या या क्लॅम्पचा मॅनफ्रोटो कंपनीचा मूळ नमुना १३ ते ५५ मिलिमीटर जाडीचं काहीही धरतो. आणि क्लॅम्पखाली तोच जुना, तेल प्यायलेला आर्म. उभा नाही, खाली लोंबता.

तरफेचा हिशोब पुन्हा केला. लोंबत्या आर्मच्या वजनाचं आडवं अंतर शून्य. फोनचा मध्य आर्मच्या रेषेपासून चिमट्यामुळे आठेक सेंटीमीटर बाजूला. ३०० ग्रॅम गुणिले ८: २.४ किलो-सेंटीमीटर. पंधराच्या जागी अडीचसुद्धा नाही. आर्म तोच, फोन तोच, सांध्यावरचा भार सहाव्या हिश्शाहून कमी. पेन्सिलची खूण करून तासभर ठेवला, खुणेवरून हलला नाही.

टिचकीची चाचणीही पुन्हा केली. आता चौकट स्थिर आणि ठोक्यासरशी टेबलच कणभर हलताना दिसतं. गंमत म्हणजे ते डोळ्याला खुपत नाही. कॅमेरा हलला की सगळं जग हलतं, टेबल हललं की नुसतं टेबल हलतं, आणि हातोडी मारल्यावर टेबल हलणारच हे बघणाऱ्याला ठाऊक असतं.

एक नवा धोका मात्र उभा राहिला. आता वस्तू मामाच्या डोक्यावर होती, आणि तो वाकून काम करतो. पाइपच्या टोकाला आडवा बोल्ट घातला, म्हणजे क्लॅम्प सैल झाला तरी घसरून बाहेर पडणार नाही. चिमट्याच्या सांगाड्यातून बारीक पोलादी तारेचा फास काढून तो पाइपभोवती घेतला. तार एवढी तोकडी, की सगळं सुटलं तरी फोन त्याच्या डोक्याच्या वरच लटकेल. चार्जिंगची वायर पाइपला दोन ठिकाणी बांधून फोनजवळ ढिली वेटोळी ठेवली, नाहीतर वायरच फोनला ओढते. डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक वस्तूला दुसरा आधार हवा, या नियमाला चित्रीकरणात अपवाद नसतो. घरी का असावा?

आरसा

फोन टेबलाला समांतर नसला तर ए-३ कागद चौकटीत एका बाजूला निमुळता दिसतो. पुठ्ठा काटकोनात कसा कापायचा हे शिकवताना पुठ्ठाच तिरका दिसला तर शिकवणार काय? फोनमधला पाणसळ पृथ्वीशी समांतर करतो, टेबलाशी नाही, आणि मामाचं टेबल किंचित उतरतं आहे.

यावर एक जुनी युक्ती आहे, कागदपत्रांचे फोटो काढणारे वापरतात ती. टेबलावर, चौकटीच्या मध्याजवळ, एक लहान सपाट आरसा ठेवायचा. फोनच्या पडद्यावर रेघांची जाळी चालू करायची. आरशात फोनचं प्रतिबिंब दिसतं. बाकी फोनकडे बघायचं नाही, फक्त लेन्सचा काळा ठिपका बघायचा. तो चौकटीच्या बरोबर मध्यबिंदूवर येईपर्यंत शेवटचा बॉल किंचित फिरवायचा. लेन्स स्वतःच्या डोळ्यात डोळा घालून बघायला लागली की तिची रेषा आरशाला काटकोनात आहे, म्हणजेच फोन टेबलाला समांतर आहे. आम्हाला पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागली, आता मामा दोन मिनिटांत करतो. खाली आरसा बघून तो दर वेळी केसही नीट करतो, हा भाग वेगळा.

बारीकसारीक गोष्टी लवकर सुटल्या. फोन पालथा आडवा असला की त्याला उभं-आडवं कळत नाही, म्हणून आधी आडवा तिरपा धरून रेकॉर्डिंग चालू करायचं, मग जागेवर आणायचं. हात मधे आला की फोकस हातावर पळतो, म्हणून पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड जखडायचा. दिवा बरोबर डोक्यावर असेल तर आर्मची सावली कामावर पडते, म्हणून दोन दिवे बाजूंनी. फोन घट्ट बसल्यावर स्टॅबिलायझेशन बंद करून बघितलं: चौकट थोडी रुंद झाली आणि हात हलला की कडा ओघळल्यासारख्या दिसायच्या, ते थांबलं.

कॅमेरा मात्र नाही

मग मामाच्या एका विद्यार्थिनीने तिचा कॅमेरा देऊ केला. लेन्ससह ९०० ग्रॅम. मामाला तोही पाइपवर हवा होता. मी नको म्हटलं. लोंबत्या आर्मला ९०० ग्रॅम जड नव्हते, पण झूम लेन्स खाली तोंड करून धरली की तिची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू बाहेर सरकते, आणि ९०० ग्रॅम डोक्यावर हवेत ठेवायला माझं मन तयार होईना. तो कॅमेरा आता बाजूला तिपाईवर असतो आणि कण्याच्या शिवणीचा जवळचा कोन दाखवतो. जमिनीवर तीन पाय टेकवून जे काम होतं त्याला आर्म कशाला? एक सूचना केली: कॅमेऱ्याच्या बुडात पाव इंची स्क्रू साडेपाच मिलिमीटरपेक्षा खोल घालायचा नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात हा आकडा असतो. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर तो आतल्या तळावर दाबला जातो.

ही मांडणी आता सात महिने तशीच आहे. मधे एकदाच तक्रार आली. चौकट पुन्हा डोलायला लागली होती, आधीइतकी नाही, पण ठोक्याला ठोका. मी आर्म तपासला, यू-बोल्ट आवळले, क्लॅम्प काढून परत बसवला. सगळं जागच्या जागी. शेवटी खाली बसले तेव्हा दिसलं की रॅकचा तळाचा खण रिकामा आहे. तिथले जाड कागदाचे गठ्ठे मामाने तीन महिन्यांत वापरून संपवले होते. रॅक हलका झाला होता आणि आता फरशीतून येणाऱ्या प्रत्येक धक्क्याला मान डोलावत होता.

जुने रद्दीचे चार गठ्ठे आणून खालच्या खणात भरले. मामाने त्यांवर जाड पेनाने लिहिलंय: "हा कॅमेऱ्याचा भाग आहे. वापरू नये."